‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण?

मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजीचा तास देणे म्हणजे कीर्तनकाराला बँडपथकात उभे करण्यासारखे आहे. पण गेल्या पावसाळ्यात हा प्रसंग माझ्यावर आला खरा. आमच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली माणूस काही मिळेना, आणि प्राचार्यांनी एके दिवशी मला बोलावून घेऊन अगदी सहज सांगितले, “प्रथम वर्षाचं इंग्रजी दिवाळीपर्यंत तुम्ही सांभाळा.”

मी म्हटले, “साहेब, मी मराठीचा माणूस.”

“मुलंही मराठीचीच आहेत,” प्राचार्य म्हणाले.

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढ्यात आलेला चहा निमूटपणे प्यालो आणि घरी आलो. घरी ही वार्ता सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरेना. आमचे इंग्रजी घरात प्रसिद्ध आहे. मी ते पाचवीत सुरू केले. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर माझी शाळा कधीच सुटली होती. घरात आजोबांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पाठपुठ्ठा नसलेली. तिच्यावर माझा पिंड पोसला. त्यामुळे माझे इंग्रजी व्याकरणाला पक्के आणि तोंडाला कच्चे. पंचविशीपर्यंत मी इंग्रजीत मनातल्या मनात कधी चुकलो नाही, आणि मोठ्याने कधी बोललो नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना जुन्नर म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर. आंबेगाव म्हणजे भीमाशंकर. सुटीत मुलांना घेऊन यावे, दर्शन करावे, परतताना मंचर-नारायणगावच्या बाजूला टोमॅटो घ्यावेत. त्यांच्या मोटारी ज्या पुणे-नाशिक रस्त्याने जातात त्याच्या पूर्वेला कालव्याचे पाणी, ऊस, कांदा आणि द्राक्षाच्या बागा. पश्चिमेला सरकत गेले की भातखाचरे, हिरड्याची झाडे, धो धो पाऊस आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या. आंबेगाव तालुक्याचे तर नावच तेवढे मागे राहिले आहे. ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या घोडेगावात आणि बाजार मंचरला. हा सगळा मुलूख माझ्या वर्गात बाकांवर बसलेला असतो. बागायतदाराचा मुलगा मोटारसायकलवर येतो. वरच्या वाडीतली मुलगी पहाटे निघून दोन एस.ट्या बदलून येते. जुन्नर शहरातल्या मुसलमान घरांतल्या दोन-तीन मुली असतात. त्यांची घरची बोली दखनी. एका वर्गात इतक्या बोली असतात हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, असे म्हटले तर आपण हसाल. ठाऊक होते, पण ऐकू येत नव्हते.

पहिल्या दिवशी काय शिकवावे हे न सुचल्याने मी मुलांना ‘माय फॅमिली’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. घरी येऊन वह्यांचा गठ्ठा सोडला. पहिलीच वही: ‘माय फादर आर ए फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह. माय मदर इज हाउसवाइफ. शी गेट अप ॲट फोर.’

मला प्रथम हसू आले. मग तांबड्या शाईने ‘आर’चा ‘इज’ करू लागलो. पंधराव्या-सोळाव्या वहीशी हात थांबला. सगळ्यांची चूक एकच कशी? एकमेकांचे पाहून लिहिले म्हणावे, तर आई सगळीकडे ‘इज’! नक्कल करणारा माणूस असा भेदभाव करीत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. ‘माझे वडील शेतकरी आहेत. ते पाचला उठतात.’ ते आदरार्थी बहुवचन होते. बिचाऱ्यांनी आपल्या वडिलांचा मान इंग्रजीतही राखला होता. आणि आईचा? वडील पाचला उठतात त्यांना अनेकवचन. आई चारला उठते, तिला एकवचन. तर्खडकरांनी मला एवढे कधी शिकवले नव्हते.

पण त्याच गठ्ठ्यात आठ-दहा वह्या अशा निघाल्या की त्यांत ‘माय फादर इज’ असे चोख लिहिलेले. मला वाटले, ही हुशार मुले. नावे पाहिली, तर ती बहुतेक पश्चिमेकडच्या वाड्यांतली. बारावीला इंग्रजीत काठावर सुटलेली. मग हे त्यांना जमले कसे? दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारले, “घरी वडील आले तर तुम्ही काय म्हणता?” पुढच्या बाकांवरून उत्तर आले, “वडील आले.” मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “बा आला.”

बा आला, बा गेला, बा रानात हाय. तिथे बाप आणि आई दोघेही एकवचनी, आणि म्हणून इंग्रजी बिनचूक. हेच वाक्य त्या मुलाने माझ्या मराठीच्या पेपरात लिहिले असते, तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढली असती. गेली अठरा-वीस वर्षे ओढतच आलो आहे.

त्या दिवसापासून इंग्रजीचा तास मला आवडू लागला. इंग्रजीच्या बाईंना जिथे चूक दिसली असती तिथे मला मराठी दिसू लागली, आणि पुष्कळदा अशी मराठी, जिला मी वर्गाबाहेर उभे केले होते.

‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तिघांविषयी मी फारसे बोलणार नाही. मराठीत ती नाहीत. मुले ती कोथिंबिरीसारखी वाक्यावर शेवटी भुरभुरवतात आणि कुठे पडतील ती पडतात. एस.टी. बसला सर्वांनी ‘शी’ केले होते, ते तर मला मनातून मान्यच आहे. पण ‘मला’ या एका शब्दाने आम्हांला महिनाभर पुरे केले. एका मुलीने लिहिले होते, ‘टु मी इंग्लिश इज नॉट कमिंग.’ आपण मराठी माणसे इंग्रजी ‘जाणत’ नाही. ती आपल्याला येते किंवा येत नाही, पाहुण्यासारखी. भूक आपल्याला लागते, थंडी वाजते, राग येतो, झोप लागते, गोष्ट आवडते, पैसे पाहिजे असतात. यातले आपण काहीच करीत नाही, सगळे आपल्याला होत असते. इंग्रज मात्र यातल्या बहुतेक वाक्यांत स्वतः पुढे होऊन कर्ता बनतो. मी मोठ्या ऐटीत फळ्यावर नियम लिहून दिला: ‘मला’ दिसले की ‘आय’ करून पाहा. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी ‘मला बैलाने मारले’ याचे भाषांतर आले, ‘आय हिट द बुल.’ नियम पुसून टाकला.

उच्चारांची गोष्ट त्याहून मौजेची. मी धडा मोठ्याने वाचायला लावला तेव्हा एक मुलगा ‘व्हिलेज’ला ‘इलेज’ म्हणाला आणि ‘वेस्ट’ला ‘येस्ट’. वर्गात खसखस पिकली. परंतु ज्याच्या घरी वीस म्हणजे ईस, विठ्ठल म्हणजे इठ्ठल आणि वेळ म्हणजे येळ, त्याने ‘व्हिलेज’ला दुसरे काय म्हणावे? बरे, आपला ‘व’ सांडतो हे कोणी सांगितले की तो नको तिथेही पेरू लागतो. त्याच मुलाने पुढच्या ओळीत ‘ईट’चे ‘वीट’ केले. शाळेचे ‘साळा’ करणाऱ्या जिभेला ‘शी’ आणि ‘सी’ यांतले अंतर सापडत नाही. उलट ‘पानी’ म्हणणाऱ्याला आम्ही जन्मभर ‘ण’साठी टोचतो, तो ‘ण’ इंग्रजीत मुळी नाहीच. तिथे त्याची गाडी सुसाट जाते. दखनी बोलणारी मुलगी ‘फ’ आणि ‘झ’ असे म्हणते, की ऐकत राहावे. ते तिला उर्दूच्या वारशाने मिळाले आहेत. आणि एका बाबतीत तर आमची सगळीच मुले भाग्यवान. ‘बॅट’ आणि ‘बेट’ हा फरक पुष्कळ देशांतल्या विद्यार्थ्यांना घाम फोडतो. आमच्या बाराखडीत ॲ आणि ऑ केव्हाच येऊन बसले आहेत. आमची मुले कानाने नव्हे, तर मात्रेने तो फरक करतात.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या प्लॅस्टिकच्या पेटीत भरतात. तिचे इंग्रजी नाव क्रेट. बाजारात विचारा, सगळे ‘कॅरेट’ म्हणतात. जणू आत सोनेच भरले आहे! भाव चढला की असतेही. ट्रॅक्टरचा ‘टॅक्टर’ होतो, क्लासचा ‘किलास’, स्टेशनचे ‘इस्टेशन’, आणि एस.टी.ची ‘यष्टी’, जी ऐकायला थेट संस्कृत वाटते. शहरी पाहुणे याला अडाणीपणा म्हणतात. आता मी एम.ए.ला काय शिकलो ते सांगतो. ग्राम या शब्दातला ‘र’ गळून प्राकृतात ‘गाम’ झाला आणि आपण त्याचा ‘गाव’ केला. क्लेश या शब्दात स्वर घुसून ‘किलेस’ झाला. स्त्री या शब्दाच्या आधी ‘इ’ येऊन ‘इत्थी’ झाली. ग्रामचा गाम तसा ट्रॅक्टरचा टॅक्टर. क्लेशचा किलेस तसा क्लासचा किलास. स्त्रीची इत्थी तसे स्टेशनचे इस्टेशन. वररुचीने ‘प्राकृतप्रकाश’ लिहून असल्याच बदलांचे नियम बांधले आणि आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केले. दोन हजार वर्षांपूर्वी संस्कृतावर जे संस्कार लोकांच्या जिभेने केले, तेच ती आज इंग्रजीवर करते आहे. त्या वेळच्या चुकांची मराठी भाषा झाली.

आणि हे मी कुठे बसून लिहितो आहे? जुन्नरहून पश्चिमेला गेले की घाटघर लागते, आणि त्याच्या पुढे नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले त्यांत नाणेघाटाचा दाखला होता. आमच्या महाविद्यालयात त्या दिवशी पेढे वाटले; भाषण मीच केले. त्या लेण्याच्या आसपासच्या वाडीतली मुले पुढे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीत होती, आणि त्यांच्यापैकी कोणी उठून बोलावे असे मला सुचले नाही.

परक्यांच्या जिभा तरी कुठे सरळ वळतात? जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत: इरिल, चिट आणि चंद. ही मंडळी ग्रीक असावीत की आणखी कोठली, यावर पंडितांचे वाद झाले. कारण मूळ नाव काय असेल ते आता ओळखूच येत नाही. आमच्या त्या वेळच्या पाथरवटाने त्यांची नावे आपल्या जिभेवर घोळवून दगडात घातली आणि त्यांनीही ती आनंदाने मान्य केलेली दिसतात. पुढे १६७५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात जुन्नरचे ‘जेनिआ’ करून टाकले. खडकीचे ‘किर्की’ करणारे त्याचे देशबांधव मागाहून आले. त्यांच्या मातृभाषेत ‘ख’ नाही आणि ‘ड’ही आपला नाही, म्हणून गावाच्या पाट्या बदलल्या. फ्रायरसाहेबांच्या वहीवर तांबडी रेघ ओढायला कोणी बसले नव्हते. जपानी माणसाचा ‘र’ आणि ‘ल’ यांत घोटाळा होतो, फ्रेंच माणूस इंग्रजी बोलताना ‘ह’ खातो, आणि त्यांच्या उच्चारांना लोक गोड म्हणतात. ‘इलेज’ला कोणी गोड म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते या निमित्ताने चाळले. रॉबर्ट लाडो या अमेरिकन विद्वानाने १९५७ साली असे मांडले की दोन भाषा शेजारी ठेवून ताडून पाहिल्या तर विद्यार्थी कुठे अडखळेल ते आधीच सांगता येईल. दहा वर्षांनी पिट कॉर्डर याने म्हटले की विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा आहे. तो मनाशी काही नियम बांधून पाहत असतो. आणि १९७२ साली लॅरी सेलिंकर याने या मधल्या भाषेला नावच दिले. आपण तिला आंतरभाषा म्हणू. ती धड मातृभाषा नव्हे, धड परभाषा नव्हे, पण तिलाही तिचे व्याकरण असते. सगळे दोष मातृभाषेच्या माथी मारता येत नाहीत हेही आता सर्वमान्य आहे. ‘गोड’ आणि ‘वेन्टेड’ असली भूतकाळी रूपे इंग्रज बालकेही करतात. हे सगळे पटण्यासारखे आहे. पण त्या पुस्तकांत मातृभाषा एकच असते आणि तिच्यापुढे परभाषा एक. आमच्या आहुप्याकडच्या मुलाच्या वाटेत मात्र आधी मी उभा असतो. त्याची घरची बोली ही त्याची मातृभाषा. शाळेतली छापील मराठी त्याने दुसरी म्हणून शिकलेली, आणि इंग्रजी तिसरी. दुसरी शिकताना ‘तुझे बोलणे चूक’ हे त्याने इतक्यांदा ऐकलेले असते की तिसरीसाठी तोंड उघडायला तो धजत नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आमच्या तालुक्यात उसात बिबटे हिंडतात, त्यामुळे असल्या उपमा आम्ही जपून वापरतो. पण मुलाला वाघिणीची भीती नंतर वाटते. आधी त्याला मास्तरची वाटते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो.

सप्टेंबरात मी मुलांना आपापल्या गावाविषयी लिहायला सांगितले. घाटमाथ्याकडच्या वाडीतला एक मुलगा होता. कधी बोलत नसे. हजेरीलाही नुसता हात वर करी. त्याच्या वहीत समासात बारीक अक्षरात मराठीत लिहिले होते, ‘सर, वुई म्हणजे आम्ही की आपण?’

वाचकहो, या प्रश्नावर मी दोन दिवस खुश होतो. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांत समोरचा माणूस पंगतीत होता की नव्हता, हा फरक आहे. मराठीत तो लहान पोरालाही कळतो. गुजरातीत तो आहे. तमिळ, तेलुगू यांत आहे, आणि द्राविडी भाषांच्या शेजारानेच तो आपल्याकडे आला असावा असे विद्वान म्हणतात. हिंदीत एकच ‘हम’. इंग्रजीतही ‘वुई’ एकच, आणि त्यात कोण धरलेला आहे हे इंग्रजाला संदर्भावरून ओळखावे लागते. मी हे सारे वर्गात सविस्तर सांगितले. सर्वांनी लिहून घेतले. त्या मुलाचे समाधान झाले की नाही ते कळले नाही.

पुढच्या खेपेला त्याचा निबंध आला. त्यातले एक वाक्य असे: ‘वुई, नॉट यू सर, हॅव नो बस आफ्टर फाइव्ह.’

इंग्रजीत हे असे लिहीत नाहीत. पण ज्याला जे सांगायचे होते ते त्याने इंग्रजीला वाकवून सांगितले होते, आणि त्यात मी कुठे आहे तेही नेमके. मी तास संपल्यावर त्याला थांबवून घेतले. म्हटले, “अरे, प्रश्न इतके चांगले पडतात तुला, मग विचारत का नाहीस? समासात का लिहितोस?”

तो जमिनीकडे पाहत राहिला. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, “आत्यानं सांगितलंय. त्या सरांच्या तासाला तोंडी काही बोलायचं नाही, म्हणली. लिहूनच द्यायचं.”

“तुझी आत्या मला ओळखते?”

“तुमच्याच वर्गात होती.”

नाव सांगितले त्याने. ते इथे लिहीत नाही. मला ते नाव लगेच आठवले नाही हे मात्र लिहिले पाहिजे. घरी जाताना, अर्ध्या वाटेत, आठवले.

२००८ सालची गोष्ट. मी नवा होतो, इस्त्रीचा सदरा घालीत होतो. कवितेचा तास होता आणि मी एकेकाला उभे करून कविता कशी वाटली ते विचारीत होतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली आणि मोकळेपणाने म्हणाली, “मपल्याला ही कविता लय आवडली.” मी म्हटले, “मपल्याला नाही, मला. आणि लय नाही, फार. पुन्हा सांग.” ती पुन्हा सुरू झाली, आणि घाबरून पुन्हा तेच म्हणाली. मी तिची नक्कल केली. वर्ग हसला. हसणाऱ्यांत बहुतेकांच्या घरी मपला-तुपलाच चालते. म्हणून ते जास्तच मोठ्याने हसले असावेत. तिला ती कविता का आवडली ते राहूनच गेले. पुढे ती माझ्या तासाला बोलली नाही आणि दुसऱ्या वर्षी महाविद्यालयातून दिसेनाशी झाली. कारणे दहा असतील. पैशाचे असेल, लग्नाचे असेल, संध्याकाळच्या यष्टीचे असेल. त्यांत मी कितवा होतो ते कोण सांगणार?

आणि मी कोण होतो? माझे घर ओतूरच्या बाजूचे. माझी आजी मरेपर्यंत मपलेच म्हणे. पुण्याला एम.ए.ला गेलो तेव्हा वसतिगृहात मी ‘पानी’ म्हणालो आणि एका मित्राने ते महिनाभर पुरवून पुरवून वापरले. रात्री दार लावून, आरशापुढे उभे राहून मी ‘पाणी, लोणी, कोण’ असे घोकले आहे. वर्षभरात जीभ धुऊन काढली. इतकी, की गावी गेल्यावर आजी म्हणाली, “लेका, पाव्हन्यावानी बोलतोस.” मला ते कौतुक वाटले होते.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या बोलींत छापली आहे. कातकरी आहे, ठाकरी आहे. परक्या सरकारला ज्या बोली छापण्याजोग्या वाटल्या त्या मला शंभर वर्षांनी वर्गात बोलण्याजोग्या वाटल्या नाहीत.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत. आमचा धाकटाही आहे. तो ‘माझी मदत कर’ म्हणतो तेव्हा मी त्याला ‘मला मदत कर’ असे सांगतो, आणि ते सांगू नये असे मी म्हणणार नाही. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे काम आहे, त्याचा पगार घेतो. पण शिकवताना मुलाच्या तोंडातले आधीचे पुसून टाकावे लागते, ही माझी समजूत कोणी करून दिली ते आठवू म्हणता आठवत नाही. दसऱ्यानंतर मी वर्गात एक उद्योग सुरू केला. एकच वाक्य तीन ओळींत लिहायचे: घरी म्हणतात तसे, पुस्तकात असते तसे, आणि इंग्रजीत. पहिली ओळ लिहायला मुले लाजत. ‘सर, खरंच लिहू?’ म्हणून विचारीत. वहीचे शेवटचे पान वापरीत. पण त्या तीन ओळी एकाखाली एक आल्या की ‘आर’ कुठून आला आणि ‘इलेज’ कसे झाले, हे माझ्या आधी तीच दाखवू लागली. सर्वांचे इंग्रजी सुधारले असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. हजेरीला मात्र आवाज वाढला.

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास झाला. इंग्रजीच्या बाई आता परत येणार होत्या. मुले निघाली. तो मुलगा दप्तर आवरीत मागे रेंगाळला होता; त्याला पाचच्या आत स्थानकावर पोहोचायचे होते. मी त्याच्याजवळ गेलो. काय बोलावे ते तीन दिवस मनाशी घोळवले होते. त्यातले एकही वाक्य तोंडाशी येईना. शेवटी म्हणालो, “आत्याला मपला नमस्कार सांग.”

पंचवीस-तीस वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला होता. मुलाने चमकून वर पाहिले. मग अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने, तो म्हणाला, “‘माझा नमस्कार’ म्हणायचं असतं, सर.”